उठलेली गावे, थांबलेली मजुरी

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे नाव देशभर गाजले. परदेशाहून परतलेल्यांपैकी चार जण बाधित निघाले आणि आठवडाभरात रुग्णांचा आकडा पंचविशीपर्यंत गेला. रस्ते बंद झाले, संपर्कात आलेल्यांच्या याद्या झाल्या, आणि एप्रिल सरायच्या आत बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी परतले. रोगाशी झालेली पहिली झुंज जिल्ह्याने बऱ्यापैकी निभावली असेच म्हणावे लागेल. मात्र त्याच काळात सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या हजारो घरांच्या मिळकतीला जे भगदाड पडले त्याचा इस्लामपूरच्या रुग्णांशी फारसा संबंध नव्हता. ते पडले नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, केरळ-तमिळनाडूतल्या सराफ पेठांत, उत्तरेकडच्या कुठल्या कुठल्या गावांतल्या भट्ट्यांपाशी, आणि साखर कारखान्यांच्या मोकळ्या रानांतल्या खोपटांत. या जिल्ह्यांची मिळकत जिथे राबते तिथे हे जिल्हे नकाशावर दिसत नाहीत. साथीने माणसांच्या रोजगाराचे काय केले हे पाहायचे तर रुग्णसंख्येचे तक्ते बाजूला ठेवून आधी घर सोडलेल्या माणसांच्या मागे जावे लागते.

घर सोडलेली माणसे म्हणजे कोण, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित तो, जो छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडून आला आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, आणि त्या अर्थाचे निर्वासित सातारा-सांगलीत आज जवळजवळ नाहीत. एकेकाळी शेजारी होते. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश स्त्री-पुरुष व मुले 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. त्यांतल्या काही आजाऱ्यांना आणि मुलांना हवापालटासाठी पाचगणीला आणले जात असे. या पुस्तकाचा विषय मात्र ती छावणी नाही. विषय आहे कोयना आणि वारणेच्या धरणांनी उठवलेली माणसे, माण-खटाव-आटपाडी-जतच्या कोरड्या पट्ट्याने बाहेर लोटलेली माणसे, आणि महापूर-दरडींनी ज्यांची घरे नेली ती माणसे. यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही. कायद्याच्या काटेकोर नजरेत ती निर्वासित नव्हेत, आणि मी त्यांना तसे ठरवण्याचा आग्रहही धरणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की साथीच्या काळात मिळकत कशी बुडते ही यंत्रणा पाहिली तर जॉर्डनमधला सीरियन मजूर आणि वाशीच्या बाजारातला पाटण तालुक्यातला हमाल यांच्यात जेवढे अंतर आपण समजतो तेवढे नाही.

जगाच्या पातळीवरचा पुरावा आधी पाहू. 2020 च्या मध्यात सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट या संशोधन संस्थेने तुर्कस्तान, जॉर्डन, लेबनॉन, इराक, युगांडा, इथिओपिया, कोलंबिया आणि पेरू या आठ देशांतली आकडेवारी तपासली. हॉटेल, किरकोळ व्यापार, कारखाने अशा टाळेबंदीचा सर्वाधिक फटका बसलेल्या क्षेत्रांत काम करणाऱ्या निर्वासितांचे प्रमाण काम करणाऱ्या निर्वासितांपैकी सुमारे 60 टक्के होते. त्याच देशांतल्या मूळ रहिवाशांत ते 37 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे विषाणूने कोणाला निवडले नव्हते, कामाच्या बाजारानेच ही माणसे आधीपासून वाऱ्याच्या तोंडी उभी केलेली होती. त्यात भर म्हणून युगांडातल्या छावण्यांमध्ये एप्रिल 2020 पासून जागतिक अन्न कार्यक्रमाला निधीअभावी शिधा 30 टक्क्यांनी कमी करावा लागला. मजुरी थांबली त्याच महिन्यात शिधाही आखडला. आपल्याकडे डोळ्यांसमोरचे उदाहरण तिबेटी स्वेटरवाल्यांचे आहे. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत ज्यांच्या लोकरी कपड्यांच्या रांगा लागतात, ते लोक वर्षाची मिळकत चार महिन्यांत करतात, आणि माल बहुधा लुधियानाहून उधारीवर उचललेला असतो. असा एक हंगाम हुकला तर वर्ष जाते, शिवाय उधारी डोक्यावर राहते. पुनर्वसनाची शेती गोंदिया जिल्ह्यातल्या वसाहतीत, बाजार दुसऱ्याच शहरात, आणि ओळखपत्र तिसऱ्याच खात्याचे.

या शेवटच्या वाक्यातच या प्रस्तावनेचा मुद्दा आहे. साथीत उठलेल्या माणसाची मिळकत किती बुडेल हे रोग किती जहाल आहे यावर कमी, आणि तो जिथे कमावतो तिथे त्याचे नाव लिहिलेले आहे की नाही यावर जास्त ठरते. रेशनकार्ड गावात, मतदान गावात, सात-बारा असलाच तर गावात, आणि घाम मात्र दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात. एरवी हे अंतर एसटीच्या तिकिटाने आणि महिन्याच्या पैशांनी भरून निघते. वाहतूक थांबली की उघडे पडते. आणि नुसते नाव लिहिलेले असूनही भागत नाही. त्या नावामागे पैसे भरणारा कोणी आणि बोलणारा कोणी असावा लागतो. सातारा-सांगलीच्या चार प्रकारच्या माणसांची 2020 मधली गत शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर हे जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या राष्ट्रीय सरासऱ्यांतून दिसत नाही.

पण आधी इतिहासातला एक पुरावा विचारात घ्यायला हवा, कारण तो वरवर माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती पळाली. गिरण्यांतले रत्नागिरी-साताऱ्याकडचे कामगार गावी गेले. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. सांगली हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि त्याला आजचे नाव 1960 मध्ये मिळाले. गिरण्या चालू होत्या, हात नव्हते. तेव्हा एरवी पगार महिना-दीड महिना अडकवून ठेवणाऱ्या मालकांवर रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पाळी आली, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या कामगारांसाठी गिरण्यांची माणसे एकमेकांवर चढी बोली लावू लागली. म्हणजे साथीने स्थलांतरिताची किंमत चढवली. पुढे 1918 च्या इन्फ्लुएन्झात एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या घरात माणसे दगावली, त्याच वर्षी पाऊसही हुकला, आणि जानेवारी 1919 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत लाखावर कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. साथ आली की मजूर दुबळाच होतो असा नियम इतिहासात सापडत नाही.

मग 2020 मध्ये उलट का घडले? प्लेगच्या वेळी काम चालू होते आणि माणूस हलू शकत होता. तपासण्या, जबरदस्तीची इस्पितळे, रेल्वेत रोखाठोकी हे सगळे होते. फेब्रुवारी 1897 मध्ये केलेला साथरोग कायदा त्याचीच खूण, आणि हाच कायदा 123 वर्षांनी पुन्हा बाहेर काढण्यात आला. पण त्या कायद्याच्या सावलीतही कामगाराला गावी जाता आले, आणि गावी त्याचे शेत होते. कामावर न जाण्याची ताकद त्याच्याकडे होती, म्हणून भाव त्याच्या हातात आला. 25 मार्च 2020 पासून काम आणि हालचाल दोन्ही एकाच रात्री बंद झाली. माणूस होता, काम नव्हते. गाव होते, जाता येत नव्हते. राज्यात तर जिल्ह्याची हद्द ओलांडायलाही ऑगस्टअखेरपर्यंत ई-पास लागत होता. गावाशी असलेला जो धागा 1897 मध्ये मजुराचा आधार ठरला, तो सव्वाशे वर्षांनी तुटला. काहींच्या बाबतीत तो पूर्वीच तुटलेला होता, आणि ही गोष्ट कोयनेच्या खोऱ्यात सर्वांत नीट दिसते.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने जावळी आणि पाटण तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावे उठवली. धरणाचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले आणि साठच्या दशकात पुरे झाले. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा झाला 1976 मध्ये. म्हणजे राज्याला वीज देणारी ही माणसे कायद्याच्या आधी उठली, आणि सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत विखुरली. काहींना जमीन मिळाली ती पाण्याविना, काहींना कागदच मिळाला, आणि साठ वर्षांनंतरही वारसांचे अर्ज फिरत आहेत. वर राहिलेल्या गावांवर 1985 मध्ये अभयारण्य आले, पलीकडे वारणेच्या बाजूला चांदोली धरण आणि अभयारण्य, आणि 2010 मध्ये या दोन्ही रानांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकाच खोऱ्यातली माणसे दोनदा-दोनदा हलली. या घरांतला तरणा माणूस मुंबईला गेला तो बहुधा पाठीवर पोती वाहायला, गावकीच्या खोलीवर राहायला. 1897 च्या गिरणी कामगाराला परतायला गाव होते. यांतल्या अनेकांचे गाव पाण्याखाली आहे. त्यामुळे टाळेबंदीत ‘मूळ गावी परत जा’ या सल्ल्याला त्यांच्यापुरता काही अर्थच उरत नव्हता.

तरीही याच हमालांच्या बाबतीत एक फार मोलाची गोष्ट आधी घडून गेली होती. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी हमालांची संघटना उभी केली आणि तिच्या रेट्याने 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. या कायद्याची कल्पना साधी आणि माझ्या मते अजूनही पुरती न ओळखलेली आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. म्हणून कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडला आणि मधे एक मंडळ उभे केले. व्यापारी मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरतो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, दवाखाना हे मंडळाकडून हमालाला मिळते. 2020 मध्ये वाशीचा बाजार अत्यावश्यक म्हणून चालू राहिला, तिथे साथ शिरली, मे महिन्यात तो आठवडाभर बंद ठेवावा लागला. माथाडीची मजुरी पोत्यांच्या हिशोबाने असते. माल आला नाही की टोळीला मजुरी नाही. तेव्हा नोंद असूनही मिळकत घसरलीच. फरक इतका, की मागे फंडाची रक्कम होती, दवाखाना होता, मागणी मांडायला संघटना होती, आणि बाजार उघडल्यावर टोळीतली जागा कायम होती. त्याच बाजारात नोंदीबाहेर काम करणारा, कदाचित त्याच तालुक्यातला, माणूस यांतले काहीच सांगू शकत नव्हता. रोग एक, बाजार एक, ओझेही तेवढेच. वेगळी होती ती मंडळाच्या वहीतली ओळ.

दुसरे उदाहरण गलाईवाल्यांचे. विटा आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यावर देशभर पसरली आहेत. दुष्काळाने बाहेर काढलेल्यांनी भट्टी, मूस आणि आम्ल एवढ्या भांडवलावर परमुलखात बस्तान बसवले ही महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातली मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांना तिचा पत्ता नाही. इथे हरकत ठरलेली: विट्याचे बंगले बघा, हे लोक व्यापारी आहेत, यांना विस्थापितांच्या रांगेत कशाला बसवता? हरकत निम्मी खरी आहे. दुकानाचा मालक गरीब नाही. शिवाय ऑगस्ट 2020 मध्ये सोने तोळ्याला 56 हजारांवर गेले, लोक जुने दागिने मोडायला काढू लागले, आणि मोड वाढली की गलाईवाल्याचे काम वाढते; म्हणजे मालकांपैकी अनेकांना साथीच्या दुसऱ्या अर्ध्यात सावरता आले. पण दुकानात भट्टीपाशी बसणारा पोरगा गावाकडूनच आणलेला असतो, भाऊबंदकीतला किंवा ओळखीतला. पगार शब्दावर, राहणे दुकानातच. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा तेव्हाचा कायदा 1979 चा, आणि तो मुख्यतः ठेकेदारामार्फत पाच किंवा अधिक कामगार नेले तरच लागू होणारा. भाच्याला किंवा शेजाऱ्याच्या मुलाला बरोबर नेणारा गलाईवाला त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. सराफी दोन महिने बंद राहिली तेव्हा या पोरांना ना परराज्याने आपले मजूर म्हणून मोजले, ना महाराष्ट्राने. नात्याने त्यांना जेवू घातले असेल, बहुतेक ठिकाणी घातलेच. पण नात्यावर चालणाऱ्या रोजगारात पगार मागणे हाच मुळात बेअदबीचा मामला असतो, हेही सांगायला हवे.

ऊसतोड कामगारांची कहाणी या दोन्हींपेक्षा वेगळी, आणि ती नीट मांडली नाही तर नुसता कळवळा हाती लागतो. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. बीडकडचे, तसेच जत-आटपाडी-माणचे कोयते कारखान्यांच्या तळांवर अडकले. कारखान्यांनी जागेवरच त्यांच्या शिध्याची सोय करावी असा आदेश निघाला, आणि एप्रिलच्या मध्यात राज्यभरातल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी सोडण्याचा निर्णय झाला. हंगामाच्या शेवटी आलेल्या या संकटात त्यांची बुडालेली मजुरी, गलाईच्या पोराच्या किंवा बिगारी कामगाराच्या मानाने, कमी होती. ऑक्टोबर 2020 मध्ये तर साखर संघ आणि संघटनांच्या करारात तोडणीचा दर 14 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 273 रुपये झाला. साथीच्या ऐन वर्षात मजुरी वाढलेला हा दुर्मीळ वर्ग. कारण? करार करायला समोर कोणीतरी होते. मात्र हा करार दराचा आहे, माणसाचा नाही. कारखान्याच्या दप्तरात मुकादम आणि गाडी असते. नवरा-बायकोची जोडी तिथे ‘एक कोयता’ म्हणून येते आणि बाईचे नाव कुठेच नसते. उचल मात्र दोघांनी फेडायची. तळावर अडकलेल्या दिवसांत उचलीतला आकडा थांबला नाही, आणि गावी गेल्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुसरे काम मिळाले नाही तेव्हा पुढच्या हंगामाची उचल आणखी लवकर घ्यावी लागली. बुडालेली मजुरी एका वर्षाच्या खात्यातून पुढच्या वर्षाच्या खात्यात ढकलली गेली, म्हणून ती आकड्यांत दिसत नाही इतकेच.

हरकती आणखीही आहेत. पहिली अशी, की टाळेबंदीत सगळेच भरडले गेले. द्राक्ष बागायतदाराचा माल सडला, हॉटेलवाला बसला, छोटा दुकानदार संपला. मग उठलेल्यांचेच वेगळे काय? वेगळे हे, की तासगावच्या बागायतदाराला बेदाणा करायची तरी वाट होती, पीककर्ज होते, सोसायटी होती. त्याचे नुकसान मोठे असले तरी ते मोजता येण्याजोगे होते आणि मोजणारी यंत्रणा गावात बसलेली होती. केंद्राने 29 मार्च 2020 ला काढलेला आदेश पाहा: मालकांनी टाळेबंदीतली मजुरी पुरी द्यावी. मेच्या मध्यात तो मागे घेतला गेला. जेवढे दिवस तो होता तेवढ्या दिवसांतही त्याचा उपयोग ज्याच्याकडे हजेरीपट होता त्यालाच. महाराष्ट्र सरकारने बांधकाम कामगारांना एप्रिल 2020 मध्ये दोन हजार आणि नंतर तीन हजार रुपये दिले, 2021 मध्ये पंधराशे, सगळे नोंदणीकृतांना. हे पैसे वेळेवर पोचले आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ते कुणापर्यंत पोचले हे बघितले की नोंदीची रेघ कुठून जाते ते कळते.

दुसरी हरकत जास्त वजनदार: मदत तर गावात मिळत होतीच. माणशी पाच किलो धान्य, पाच रुपयांची शिवभोजन थाळी, रोजगार हमी. मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी त्या वर्षी 206 वरून 238 रुपये झाली. आणि रोजगार हमीचे जन्मस्थान तर याच मुलखात आहे; तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी 1965 मध्ये इथे जो प्रयोग केला त्यातूनच पुढे राज्याचा आणि मग देशाचा कायदा उभा राहिला. पागेंची दृष्टी दुष्काळाची होती: पाऊस हुकला तर माणसाने गाव सोडू नये, काम त्याच्या दारात यावे. परतलेल्याच्या बाबतीत प्रश्न फिरतो. त्याचे जॉबकार्ड नाही किंवा त्यात नाव नाही. हात मूस धरायला शिकलेला आहे, फावडे नाही. आणि पहिल्या काही आठवड्यांत गावच त्याला कामावर एकत्र येऊ द्यायला तयार नव्हते. धान्याचेही तसेच. कार्ड गावातल्या थोरल्या भावाच्या कुटुंबाचे, धाकटा भाऊ बायकामुलांसह वाशीत. धान्य आले, पण जिथे पोटे होती तिथे आले नाही. योजना वाईट नव्हत्या. त्या एका जागी राहणाऱ्या माणसासाठी आखलेल्या होत्या.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारला या माणसांची नोंद करताच आली नसती, एवढा मोठा फिरता वर्ग कोण मोजणार, असे म्हणतात. पण मोजला गेला होता. मे 2020 मध्ये मुंबईहून आणि परराज्यांतून माणसे परतू लागली तेव्हा सातारा-सांगलीच्या गावागावांत ग्रामसमित्या, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मुख्यतः आशा सेविका यांनी प्रत्येक परतणाऱ्याचे नाव लिहिले. कुठून आला, कधी आला, कोणत्या शाळेत ठेवला, कोणत्या तारखेला सोडला. स्वातंत्र्यानंतर या जिल्ह्यांतल्या स्थलांतराची इतकी पक्की यादी बहुधा कधी झाली नसावी. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पुन्हा घरोघर माणसे गेली. ताप, ऑक्सिजन, मधुमेह, रक्तदाब सगळे विचारले. त्या वहीत आणखी दोन रकाने असते, काय काम करत होता आणि किती मजुरी थकली, तर पुढच्या दशकाचे रोजगार धोरण त्यावर आखता आले असते. रकाने नव्हते, कारण माणूस रोगाचा वाहक म्हणून मोजला जात होता, कमावणारा म्हणून नव्हे. चौदा दिवस सरले की त्या यादीची गरज संपली. त्याच सप्टेंबरात टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची आकडेवारी आपल्याकडे नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. हे म्हणणे खोटे नव्हते, आणि खरी अडचण तीच आहे.

नोंदीने माणसाचे कितपत भले होते असा संशय कुणी घेईल. घ्यावाही, कागदामागे धावण्यात पिढ्या गेलेल्या कोयना खोऱ्यात तर तो साहजिकच आहे. त्यांना एक शेजारचा दाखला देतो. पोलिश माणसे गेल्यावर वळिवड्याच्या त्याच छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना वसवण्यात आले. आज ते गांधीनगर आहे, आणि सातारा-सांगलीचे कापड दुकानदार तिथून घाऊक माल आणतात. टाळेबंदीत ती बाजारपेठही थंडावली, नुकसान लाखोंचे झाले. तरी ते व्यापाऱ्याचे नुकसान म्हणून मोजले गेले, तिथल्या माणसांकडे कोणी विस्थापित म्हणून पाहिले नाही. त्यांच्या उद्यमशीलतेला कमी लेखण्याचे कारण नाही. पण उद्यमशीलता विट्याच्या माणसातही होती. सिंध्यांना जागा मिळाली, ती कागदावर मिळाली, कमावण्याच्या ठिकाणीच मिळाली. कोयनेच्या माणसाला जमीन एका जिल्ह्यात आणि पोट दुसऱ्या जिल्ह्यात मिळाले.

आता ई-श्रम आले आहे, मग हा प्रश्न जुना झाला, असेही ऐकू येते. ऑगस्ट 2021 मध्ये हे संकेतस्थळ सुरू झाले आणि कोट्यवधींनी त्यावर नावे घातली. चांगलेच झाले. परंतु माथाडी मंडळाची वही आणि ई-श्रमचे कार्ड यांना एकाच मापाने मोजू नये. माथाडीच्या नावापुढे दर महिन्याला व्यापाऱ्याची लेव्ही जमा होते. ई-श्रमच्या क्रमांकापुढे कोणीच काही भरत नाही. काम बंद पडले तर पहिल्या वहीत थोडेफार साठलेले असते, दुसऱ्यात फक्त आपण होतो एवढा पुरावा. गलाईच्या भट्टीवर, उसाच्या फडात आणि टेम्पोच्या हौद्यात राबणाऱ्यांसाठी लेव्ही कोण भरणार, सराफ की कारखाना की वाहतूकदार, हा खरा झगडा आहे, आणि तो संकेतस्थळाने सुटत नाही. ऊसतोड मजुरांच्या महामंडळासाठी टनामागे रक्कम घेण्याचे ठरले हे त्या दिशेचे पाऊल आहे. त्याचे पुढे काय होते त्यावर बाकीच्यांचे बरेच अवलंबून आहे.

साथ सरायच्या आधीच नवे विस्थापित तयार झाले, हेही या विषयात येते. 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. त्यातून उठलेली घरे सावरतात न सावरतात तोच टाळेबंदी आली, आणि दुसरी लाट ओसरत असताना जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. 22 आणि 23 जुलैच्या पावसात पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली आणि वाचलेल्यांना घरे सोडावी लागली. त्यांना आधी शाळांत, मग कोयनानगरच्या बाजूला निवारा मिळाला. कोरोनामुळे मुंबईतले काम आधीच गेलेले, आणि आता गावही गेलेले. पंचनाम्यात घर, गुरे, भांडी, शेत यांना रकाने असतात. बुडालेल्या रोजगाराला आपत्ती मदतीच्या निकषांत तेव्हा जे स्थान होते ते असे: ज्या कुटुंबाची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली आहे त्यातल्या प्रौढाला दिवसाला 60 रुपये आणि मुलाला 45 रुपये. त्याच वर्षी मनरेगाची एका दिवसाची मजुरी 248 रुपये होती. 2022 मध्ये केंद्राने हा निकष बदलून ही मदत मनरेगाच्या दराशी जोडली, कुटुंबातल्या दोन प्रौढांपर्यंत. मोठी सुधारणा आहे ती. मात्र त्यासाठीही माणसाचे नाव त्या दिवशी त्या गावच्या यादीत असावे लागते, आणि जुलैच्या पावसात वाशीच्या खोलीवर असलेल्या थोरल्या मुलाचे ते नसते.